चढते पाणी, उतरते पाणी



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, अर्थकारणावर आणि घटनेच्या कलमांवर मोठमोठी माणसे बोलून गेली. त्या पंक्तीत गळ टाकून बसणाऱ्या माणसाचेही पान मांडले जाईल, असे मला कधी वाटले नव्हते. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी सरळ 'मासे' असे सांगितले. ते जरा घुटमळले. म्हणाले, "श्रोत्यांत शाकाहारी मंडळी पुष्कळ असतात. दुसरे काही नाही का?" मी म्हणालो, "पाणी आहे." ते त्यांना चालले.

खरे सांगायचे तर ही काही तडजोड नव्हती. दिवसभर गळ टाकून बसणाऱ्याला मासा दिसतो तो फार तर पाच मिनिटे, आणि पुष्कळदा तेवढाही नाही. बाकीचा सगळा वेळ तो पाणीच पाहत असतो. घरची माणसे याला आळस म्हणतात. मी भांडुपच्या एका कारखान्याच्या नकाशाघरात नोकरी केली. पट्टी, कर्कटक आणि पेन्सिल यांच्याशी आयुष्य गेले, त्यामुळे पाहिलेले मोजावे आणि मोजलेले लिहून ठेवावे ही खोड लागली. मासे फारसे मिळाले नाहीत. वह्या मात्र अकरा भरल्या. त्या वह्यांतले थोडेसे आज आपणांपुढे ठेवणार आहे.

आपण उपनगरातली माणसे पाण्याच्या पातळीकडे अगदीच दुर्लक्ष करतो असे नाही. जुलै उजाडला की सकाळी चहाबरोबर पहिली बातमी वाचायची ती तलावांची. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातही तलाव मिळून भरतात तेव्हा चौदा लाख सत्तेचाळीस हजार तीनशे त्रेसष्ट दशलक्ष लिटर पाणी होते, हा आकडा पाठ असलेले गृहस्थ माझ्याच इमारतीत आहेत. पण त्यांनाच मी एकदा विचारले, "रोज कुर्ल्याला मिठीच्या पुलावरून जाता, काल पाणी कुठवर होते?" तेव्हा ते माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी गटाराची चौकशी केली. त्यांचा तरी काय दोष? मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या आपल्या नद्या. बोरिवलीच्या आणि आऱ्याच्या डोंगररानात त्या उगम पावतात. रान संपताच आपण त्यांना नाला म्हणू लागतो, आणि नाल्याकडे कोण पाहतो?

माझे पाण्याचे शिक्षण पवईला सुरू झाले. हा तलाव १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. पुढे ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून आता ते कारखान्यांना आणि आरे दुग्धवसाहतीला जाते. भरला म्हणजे त्यात ५४५ कोटी लिटर पाणी असते. छंद म्हणून मासे धरणाऱ्यांची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन याच तलावाच्या काठी आहे. कटला, रोहू, मरळ आणि आता वाजवीपेक्षा जास्त चिलापी. मगरीही आहेत, पण त्यांनी माझ्यात कधी रस दाखवला नाही. पाणी १९५ फुटांवर गेले की सांडव्यावरून वाहू लागते. एखाद्या वर्षी जुलैपर्यंत थांबावे लागते. २०२५ साली जूनमध्येच वाहू लागले.

हा १९५ चा आकडा मी प्रथम ऐकला तेव्हा इतक्या खोल पाण्यावर आपण बसलो आहोत या कल्पनेनेच पाय आत घेतले होते. पुढे समजले, की पातळी म्हणजे खोली नव्हे. कुठे तरी एक शून्य धरलेले असते आणि त्यापासून पाण्याचा माथा किती वर आहे तेवढेच तो आकडा सांगतो. मुंबईच्या तलावांचे शून्य टाऊन हॉलच्या नावाने ओळखले जाते, आणि ते समुद्राच्या सरासरी पातळीच्याही बरेच खाली धरलेले आहे. तलावात दहा हात पाणी असो वा पन्नास, त्या आकड्याला त्याचे सोयरसुतक नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच गैरसमजाने माणसे एक तर विनाकारण घाबरतात, नाही तर विनाकारण निर्धास्त राहतात.

तलावावर दहा वर्षे बसूनही पाणी वाचता येते असे मात्र म्हणता येणार नाही. तलाव म्हणजे पेढीवरची शिल्लक. आठवड्याने पाहिली तरी चालते. नदी म्हणजे हातातून चाललेला पैसा. तो मोजायला मी शिकलो उल्हास नदीवर.

ठाण्याला उतरून कर्जतची गाडी धरायची आणि वांगणी-शेलूच्या बाजूला कुठे तरी उतरायचे, हा माझा सुट्टीचा क्रम. तिथे एक कातकरी म्हातारबाबा भेटत. त्यांच्याजवळ काठी होती, पण तिला गळ नव्हता. काठावर आले की आधी ते ती काठी पाण्याच्या कडेला, अगदी पाणी जिथे संपते तिथे, वाळूत उभी रोवत. मग विडी ओढत बसत. विडी संपली की काठीकडे पाहत आणि त्यानंतर बसायची जागा ठरवत. कधी खडकाच्या आड, कधी पार वरच्या डोहाकडे, कधी उठून सरळ घरी. मी आल्याबरोबर गळ टाकून मोकळा होई. चार-पाच रविवार त्यांनी हे पाहिले, आणि मग म्हणाले, "दादा, तुमी मासा बघताव. मासा पानी बघतो. मंग तुमी पन पानी बघा."

नदीच्या अभ्यासाचा पहिला धडा मला असा विडीच्या धुरात मिळाला. चढत्या पाण्यात मासा कडेला येतो, कारण नव्याने भिजणाऱ्या जमिनीतून किडे, गांडुळे, मुंग्यांची अंडी वाहून येतात. शिंगटी आणि वाम तर अशा वेळी हातभर पाण्यातही सापडतात. पाणी उतरू लागले की मासा आधीच ओळखतो आणि डोहाकडे सरकतो. मग कडेला गळ टाकून बसणे म्हणजे गाडी निघून गेल्यावर फलाटावर हात हलवण्यासारखे. पहिल्या पावसात तर पाणी चढले की मासे प्रवाहाच्या उलट शेतापर्यंत चढून जातात. त्याला आपल्याकडे वलगण म्हणतात, आणि ठाणे-रायगडातल्या गावांत त्या रात्री कोणी झोपत नाही.

काठी नसली तरी पाणी आपले इरादे लपवीत नाही. उतरत्या पाण्यात खडकावर ओली पट्टी दिसते. ती जितकी रुंद आणि जितकी ओली, तितके उतरणे ताजे. चढत्या पाण्यात ओली पट्टी नसतेच, पाणी कोरड्या दगडाला भिडलेले असते. काठावर आठवडाभर पडून राहिलेली वाळकी पाने आणि काटक्या तरंगत येऊ लागल्या, तर वर कुठे तरी काठ भिजला असे समजावे. आणि सर्वांत महत्त्वाचा तो आवाज. उथळ खळाळ आपल्या कानाला इतका सवयीचा होतो की तो थांबला तरच लक्षात येतो. पाणी चढून दगड बुडाले की खळाळ मुका होतो. पाठमोरे बसला असाल आणि नदी एकाएकी शांत झाली असे वाटले, तर मागे वळून पाहण्यात वेळ घालवू नका. आधी उठून वर या.

मी नकाशाघरातला माणूस. मी काठीला खाचा पाडल्या. बोटाबोटाच्या अंतरावर बारीक खाच, वितीवर मोठी. दर पाव तासाने किती खाचा बुडाल्या ते लिहायचे. आणि लिहू लागलो तशी एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. १९७९ सालचा हिवाळा. आभाळ निरभ्र, पावसाला जाऊन दोन महिने झालेले, आणि तरीही दुपारी पाणी चार-सहा बोटे चढायचे, काही वेळ तिथेच राहायचे आणि मग हळूहळू उतरायचे. म्हातारबाबांना विचारले तर ते म्हणाले, "टाटाचा पानी." त्यांच्या दृष्टीने तेवढ्यात सगळे आले. मला ते कळायला महिना लागला.

गोष्ट अशी आहे. मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे तिचे पाणी मुळात बंगालच्या उपसागरात जायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवले, सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेकडे वळवले, आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडले. हे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. चक्रे फिरवून झाली की ते पाणी पेज नदीच्या वाटेने उल्हासला येते. पाण्यावरच्या विजेचा गुण असा, की ती काही मिनिटांत सुरू करता येते आणि काही मिनिटांत थांबवता येते. म्हणून मागणी वाढेल तेव्हाच ती मुद्दाम चालवतात. मुंबईची मागणी वाढली की भिवपुरीला पाणी सुटते, आणि काही तासांनी शेलूच्या काठावर माझी खाच बुडते. दादर-परळचे पंखे आणि गिरण्यांचे साचे मी माझ्या काठीवर मोजत होतो! रविवारी चढ कमी दिसे, रजा काढून कामाच्या दिवशी गेलो तर जास्त. (आमच्या मुलुंडला वीज मंडळाची होती, तेव्हा माझ्या घरचा पंखा या प्रकरणात निर्दोष होता, असे सौभाग्यवतींचे म्हणणे.)

या पाण्याने उल्हास बारमाही राहिली आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण ही गावे त्याच्यावर तहान भागवतात. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वळवावे अशी मागणी मधूनमधून होत असते; तो वाद मोठ्या माणसांचा आहे. मला सांगायचे ते एवढेच, की सहलीला आलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. तो आभाळाकडे पाहतो. ढग नाहीत म्हणून मुलांना घेऊन मधल्या खडकावर जातो, डबा उघडतो. नदी चढायला तिथे पाऊस पडावाच लागतो असे नाही. वीस कोसांवर पडलेला पाऊस पुरतो, आणि कळ दाबली गेली तरी पुरते.

आता खाडीकडे वळू. मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, कुर्ल्याच्या खाली माहीमची. पाणी चढण्या-उतरण्याचे तिथले कारण वेगळे, ते म्हणजे चंद्र. आपले कोळीबांधव भरतीची वेळ घड्याळावाचून काढतात. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन; म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तीच उधाणाची. अष्टमीच्या बाजूची ती भांगाची, तिच्यात जोर नसतो. हा हिशेब पाऊण-एक तासाने इकडेतिकडे होतो, पण गळ टाकणाऱ्याला तेवढा पुरतो. मलाही तो पुरेसा वाटत होता. त्यावर मी किती विसंबलो होतो, ते आता सांगतो.

२६ जुलै २००५. मी रजेवर होतो आणि कुर्ल्याला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. चाळीतली तळमजल्यावरची खोली. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी दोनच्या सुमारास चौकात पाणी आले. कुर्ल्याच्या चाळीत चौकात पाणी येणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मुलांनी होड्या सोडल्या. सवयीप्रमाणे मी भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि वेळ लिहिली. शेजारचे लोक विचारू लागले, काय करायचे? मी बोटांवर हिशेब केला. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "भरती आहे. पावणेचारला उलटेल, मग मिठीचे तोंड मोकळे होईल आणि पाणी उतरेल. तोवर सामान पलंगावर ठेवा." माझे ऐकून चार घरांनी सामान पलंगावर ठेवले.

भरती खरे म्हणजे दुपारी २ वाजून ५० मिनिटांनीच पूर्ण झाली होती, ४.४८ मीटरची, हे नंतर वाचले. म्हणजे माझ्या हिशेबाआधीच समुद्र मागे फिरला होता. पण भिंतीवरच्या रेघा काही वेगळेच सांगत होत्या. तीन ते सव्वातीन, दोन बोटे. साडेतीनपर्यंत आणखी तीन. पावणेचार वाजले, चार वाजले. उतरण्याचे नाव नाही, पाव तासाला चार बोटे. सव्वाचारची रेघ ओढली तेव्हा मागच्या रेघेपासून जवळजवळ वीतभर अंतर होते. मी खडू हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, आणि कबूल करायला लाज वाटते, पण पहिला विचार मनात आला तो हिशेब चुकला कुठे, हा. दुसरा विचार शेलूच्या काठावरचा होता. ओहोटी लागूनही पाणी चढते आहे, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे. तर मग हे पाणी समुद्राचे नव्हे. हे वरून येते आहे. वरून येणाऱ्या पाण्याला पावणेचार ठाऊक नसतात.

मी ओरडलो, मघाचे सांगणे विसरा, सगळे वर चला. दोन घरांनी लगेच ऐकले. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलेत थांबा म्हणून." त्यांना समजावण्यात दहा मिनिटे गेली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत महागडी दहा मिनिटे. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने वर नेले तेव्हा पाणी खुर्चीच्या बैठकीला लागले होते. अंधार पडताना तळमजल्याच्या दारांच्या वरच्या चौकटी तेवढ्या दिसत होत्या. आमच्या चाळीतले कोणी गेले नाही. मुंबईत त्या आपत्तीने चारशेहून अधिक माणसे नेली.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त ७३.४. म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांना दोन निरनिराळे दिवस उगवले होते. विहार आणि पवईचे ओसंडलेले पाणी, वाटेतल्या सगळ्या नाल्यांचे पाणी आणि डोक्यावर पडणारा पाऊस, हे सगळे सुमारे अठरा किलोमीटर लांबीच्या, भरावांनी आणि बांधकामांनी आवळलेल्या मिठीतून माहीमच्या खाडीला जायला धडपडत होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००६ साली याचा सविस्तर अहवाल दिला. त्यानंतर पर्जन्यमापक बसले, मिठीच्या पातळीवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था झाली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठी ३.९ मीटरवर गेली तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना वेळीच हलवण्यात आले. ही बातमी ऐकताना मला आमची ती भिंत आठवली. रंगवून झाली आहे, आता रेघा दिसत नाहीत.

सरकारी मोजमाप आणि म्हातारबाबांची काठी यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेली पट्टी, किंवा नदीशी नळाने जोडलेल्या विहिरीत तरंगणारा गोळा, किंवा हल्लीचे पुलाखाली टांगलेले यंत्र, जे पाण्यावर लहरी सोडून त्या परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. तिन्ही सांगतात ते एकच, पाण्याचा माथा कुठे आहे. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली आहे. बदलापूरचे माझे एक मित्र हे आकडे ऐकून म्हणाले, "सोळा मीटर म्हणजे पाच मजले! एवढे पाणी नदीत असते?" नसते. तिथेही शून्य दूर कुठे तरी खाली आहे. आपल्या कामाचे असते ते दोन आकड्यांमधले अंतर आणि ते तोडायला पाण्याला लागणारा वेळ. इशारा आणि धोका यांत एक मीटर आहे. पाणी तासाला वीतभर चढत असेल तर चार-साडेचार तास हातात आहेत. म्हातारी माणसे, कागदपत्रे, गुरे सगळे हलवता येईल. हातभर चढत असेल तर दोनच तास आहेत, आणि तेव्हा कागदपत्रांकडे बघू नये.

२६ जुलै २०१९ च्या रात्री आणि २७ च्या पहाटे हेच अंतर झरझर संपले. वांगणी आणि बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी दिवस उजाडला तेव्हा डब्यांच्या खिडक्यांतून समुद्रासारखे पाणी पाहत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी होड्यांतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. ज्या काठावर मी काठी रोवीत असे तो काठ त्या दिवशी नकाशावर होता, प्रत्यक्षात नव्हता.

खालच्या अंगाला बारवी नदी उल्हासला मिळते. बारवी धरणाचे दरवाजे पाणी ७२.६० मीटरवर गेले की आपोआप उघडतात. माणसाने येऊन चक्र फिरवावे लागत नाही. सोय उत्तम आहे. पण मुलाबाळांना घेऊन नदीकाठी जाणाऱ्याने त्या दिवसांत धरण किती भरले ते सकाळी वाचून निघावे. तलावांची टक्केवारी वाचतोच, तिथे आणखी एक ओळ.

माझी एक जुनी तक्रार आहे, ती कोणा एकाविरुद्ध नाही. केंद्रीय जल आयोगाच्या पूरवार्तेत पातळीच्या आकड्याबरोबर एक शब्द असतो: चढती, स्थिर किंवा उतरती. आकड्याहून मोलाचा तो शब्द आहे. पण बातमी आपल्यापर्यंत येता येता तो शब्दच गळतो आणि आकडा उरतो. 'नदीने इशारा पातळी ओलांडली' एवढे वाचून मला काय कळणार? वर जाताना ओलांडली की खाली येताना? एकात घर सोडायचे असते, दुसऱ्यात घरी परतायचे असते.

आपल्यापैकी कोणी विचारील, की आम्ही काय दर पावसात खडू घेऊन भिंतीपाशी उभे राहायचे? माझे उत्तर, होय, राहायचे. घराशेजारी नाला असेल तर त्याच्या भिंतीवर उन्हाळ्यातच एक खूण करून ठेवा, आणि दुसरी खूण तिथे, जिथून पाणी आपल्या उंबऱ्याला लागायला सुरुवात होते. पहिल्या जोराच्या पावसात पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत पाणी किती वेळात जाते ते घड्याळ लावून पाहा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहा. वेळ कमी झालेला दिसला, तर मधल्या काळात वरच्या अंगाला कोणी तरी काही तरी भरले आहे किंवा बांधले आहे. ते शोधायला जायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावे. मी एकदा गेलो होतो. ती हकीकत लांब आहे, आणि तिच्यात माझा विजय झालेला नाही.

आमच्या सोसायटीतली दोन मुले हल्ली माझ्याबरोबर नदीवर येतात. त्यांच्या हातातल्या यंत्रात पाऊस, वारा, भरती सगळे दिसते, आणि ते बहुतेक माझ्या पावणेचारपेक्षा बरोबर असते. मी त्यांना तेवढेच सांगतो, की ते पाहा आणि काठीही रोवा.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली आहे. अकराव्या वहीतली गेल्या रविवारची नोंद वाचतो आणि खाली बसतो. "शेलूच्या खालचा काठ. आभाळ स्वच्छ. सकाळी साडेसातला काठी रोवली. दहापर्यंत स्थिर. सव्वादहाला एक बोट वर, साडेदहाला तीन. खळाळ मुका. समोरच्या खडकावर एक कुटुंब बसले होते, दोन लहान मुली. हाक मारली, ऐकू गेली नाही. दोघा मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, तेव्हा उठून आले. पाणी पावणेबारापर्यंत पाच बोटांवर, नंतर उतरू लागले. मासा नाही."